ह्यात आपलं घर कुठलं?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मामाचं अर्धं गाव पाण्याखाली होतं. मामा, मामी, शेजारपाजारचे सगळे वरच्या अंगाला असलेल्या शाळेत मुक्कामाला होते. मी तेव्हा लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवायचो. पाणी उतरायला लागलं, परवानगी मिळाली, तसा मी एका दुपारी ड्रोन वर नेला. कॅमेरा सरळ खाली रोखला आणि हळूहळू उंची वाढवत गेलो.

स्क्रीनवर जे दिसलं ते, खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. चहाच्या रंगाचं सपाट पाणी. त्यात कौलांचे लाल आणि पत्र्यांचे निळे चौकोन. उसाच्या शेंड्यांची हिरवी किनार. मधोमध एक होडी, माचिसच्या काडीएवढी. चाळीस सेकंदांचा शॉट होता. मी खाली संथ संगीत लावलं आणि टाकून दिला. दोन दिवसांत तो इतका फिरला की भलत्याच ग्रुपवरून तो माझ्याच फोनवर परत आला.

शाळेत गेलो तेव्हा मामीला दाखवला. तिनं फोन आधी लांब धरला, मग जवळ धरला. मग म्हणाली, "ह्यात आपलं घर कुठलं रे?"

मी व्हिडिओ थांबवला. दोन बोटांनी मोठा केला. एक पत्रा दिसला, पण तो आमचाच असं सांगता येईना. जिथं मी लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी काढली, ते घर मला माझ्याच शॉटमध्ये सापडत नव्हतं. मामी थोडा वेळ थांबली आणि फोन परत देत म्हणाली, "छान आलंय."

त्या 'छान'नं मला जेवढं टोचलं तेवढं कुठल्या कमेंटनं टोचलेलं नाही. ड्रोन उडवायला लागल्यापासून मी शॉटची नावं पाठ केली होती: टॉप डाऊन, ऑर्बिट, रिव्हील, पुल बॅक. कुठला शॉट कधी घ्यायचा हे मात्र 'कुठला भारी दिसतो' एवढ्यावरच ठरायचं. हे शॉट आले कुठून, ते आधी कुणी आणि कशासाठी घेतले, हा प्रश्न मामीच्या प्रश्नानंतर पडला. मग मी वाचायला लागलो, आणि कळलं की माझ्या अंगठ्याखालच्या त्या दोन काड्यांमागं दीडशेहून जास्त वर्षांची खटपट आहे.

आधी नुसतं वर पोचायचं होतं

वरून फोटो काढायचा पहिला यशस्वी उद्योग केला पॅरिसच्या नादारनं. खरं नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशों. व्यंगचित्रकार, पत्रकार आणि नामांकित फोटोग्राफर. १८५८ साली तो दोरीनं बांधलेल्या फुग्यातून पॅरिसजवळच्या एका खेड्यावर चढला. तेव्हाचा फोटो म्हणजे ओल्या काचेचा खेळ होता. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असेतोवर फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत तो धुवायचा. म्हणजे फुग्याच्या टोपलीत कॅमेऱ्याबरोबर अंधारखोलीही न्यायची. एवढं करून नादारच्या काचा पुनःपुन्हा काळ्या निघत. कारण नंतर लक्षात आलं. फुग्याच्या तोंडातून गळणारा गॅस त्या रसायनाशी भांडत होता. फुग्याचं तोंड बंद ठेवून वर गेल्यावर कुठं एकदाचं धूसर चित्र उमटलं.

नादारचे ते १८५८चे फोटो आज उरलेले नाहीत. पण तो वर कशासाठी गेला होता हे माहीत आहे. त्यानं घेतलेल्या पेटंटमध्ये हेतू होता जमीनमोजणीचा. शेताच्या हद्दी वरून टिपायच्या, नकाशा करायचा. म्हणजे 'वरून बघू या, मजा येईल' असं नव्हतं. मोजणीदाराला पडणारा प्रश्न घेऊन तो वर गेला होता.

आज आपल्याला पाहता येतो असा सगळ्यात जुना हवाई फोटो बॉस्टन शहराचा आहे. १३ ऑक्टोबर १८६० रोजी जेम्स वॉलेस ब्लॅक हा फोटोग्राफर सॅम्युएल किंग या फुगेवाल्याबरोबर साधारण बाराशे फूट वर गेला. बऱ्याच काचा वाया गेल्या, एक नीट आली. हा फोटो सरळ खालचा नाही, तिरका आहे. घरांची छपरंही दिसतात आणि भिंतीही. तीन वर्षांनी ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकानं त्याच्यावर लिहिलं. गरुडाला आणि रानहंसाला दिसणारं बॉस्टन आणि वळचणीकडे मान वर करून बघणाऱ्या नागरिकाचं बॉस्टन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा मुद्दा होता. पण दोन चर्च मात्र चुकूच शकत नाहीत, हेही त्यानं लगेच नोंदवलं.

मी इथं थांबलो. शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या हवाई फोटोकडे बघून एका बॉस्टनकरानं पहिल्यांदा केलं काय, तर ओळखीची खूण शोधली. मामीनंही तेच केलं होतं. त्याला ती सापडली, तिला नाही, कारण ब्लॅकचा फोटो तिरका होता आणि माझा सरळ.

पतंगाच्या आणि कबुतराच्या मर्जीनं

फुगा महाग आणि जिवावरचा. म्हणून लोकांनी माणसाला खाली ठेवून नुसता कॅमेरा वर पाठवायचे मार्ग शोधले. आजच्या ड्रोनचे खरे आजोबा हे लोक आहेत.

फ्रान्सच्या दक्षिणेतल्या लाब्रुगिएर गावात आर्थर बात्यू यानं १८८८ साली पतंगाला कॅमेरा बांधला. बटण कोण दाबणार? त्यानं शटरला हळू जळणारी वात लावली. वात पेटवायची, पतंग उडवायचा आणि ती जळत शटरपर्यंत पोचायच्या आत पतंग हव्या त्या उंचीवर न्यायचा. संक्रांतीला ज्यांनी पतंग उडवलाय त्यांना हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

त्याच्या पुढचं पाऊल जर्मनीतल्या क्रोनबर्ग गावच्या युलिउस नॉयब्रोनर या औषधविक्रेत्याचं. त्याचे वडीलही याच धंद्यात होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कबुतरांकरवी मागवायचे. नॉयब्रोनरचं एक कबूतर धुक्यात हरवलं आणि चार आठवड्यांनी चांगलं खाऊनपिऊन परत आलं. हे गेलं कुठं होतं, या कुतूहलातून त्यानं कबुतराच्या छातीवर बांधायचा हलका कॅमेरा केला. त्याला ठराविक वेळानं आपोआप उघडणारं शटर होतं. पेटंट कचेरीला हे अशक्य वाटलं, म्हणून त्यानं फोटोच पुढं केले. १९०८ साली पेटंट मिळालं. त्यातल्या एका प्रसिद्ध फोटोत दोन्ही कडांना कबुतराच्या पंखांची टोकं आलेली आहेत.

हे फोटो बघायला गमतीचे आहेत, पण त्यात एक गोष्ट नाही. अँगल निवडलेला नाही. वारा नेईल तिकडे पतंग, घर असेल तिकडे कबूतर. त्या माणसांनी आयुष्यं घालवली ती फक्त 'वर' पोचायला. आपल्याकडे उलटं झालंय. उंची, कोन, दिशा, वेग सगळं आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच बहुतेक वेळा आपण काहीच निवडत नाही. ड्रोन जिथं सहज जातो तिथं जातो. तो सगळ्यात सहज जातो सरळ वर.

उद्ध्वस्त शहराचा फोटो कसा काढायचा?

१८ एप्रिल १९०६ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या आणि शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. सहा आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स नावाचा शिकागोचा फोटोग्राफर तिथं आला. हा माणूस आधी फुग्यातून फोटो काढायचा. १९०१मध्ये त्याची टोपली फुग्यापासून तुटली आणि तो दोनशे फुटांहून जास्त उंचीवरून खाली आला. वाटेतल्या टेलिफोनच्या तारांमुळे वाचला. त्यानंतर त्यानं स्वतः वर जायचं सोडलं आणि पतंगांची माळ वापरायला सुरुवात केली.

सॅन फ्रान्सिस्कोला त्यानं सतरा पतंग एका दोरीला लावले आणि त्यांच्या आधारानं साधारण बावीस किलोचा कॅमेरा दोन हजार फुटांवर नेला. आज आपल्याकडे ड्रोनला मोकळ्या भागात जी चारशे फुटांची मर्यादा आहे, तिच्या पाचपट. दोरीबरोबर गेलेल्या तारेतून वीज सोडून शटर उघडलं. निगेटिव्ह होती जवळपास चार फूट लांब.

तो फोटो आजही इंटरनेटवर मोठा करून पाहता येतो. जरूर बघा आणि कॅमेरा कुठं आहे ते पाहा. लॉरेन्सनं कॅमेरा शहराच्या डोक्यावर नेला नाही. तो खाडीवर ठेवला, शहराच्या तोंडासमोर. खाली किनाऱ्याच्या गोद्या, मध्ये फेरी बिल्डिंगचा मनोरा, तिथून सरळ आत जाणारा मार्केट स्ट्रीट, दोन्ही बाजूंना जळालेले चौक आणि मागं टेकड्या. शहरात येणारा माणूस बोटीतून जसा उतरायचा, त्याच दिशेनं. तिथं राहणाऱ्या कुणालाही मनोऱ्यावर बोट ठेवून रस्त्यानं चालत जाता आलं असतं, आणि 'आमचं इथं होतं' असं म्हणता आलं असतं.

लॉरेन्स काही साधू नव्हता. त्या फोटोच्या प्रती विकून त्यानं चांगले पैसे मिळवले. दुसऱ्याचं जळालेलं शहर विकणं बरोबर की नाही हा वाद घालता येईल, आणि मला तो घालायचा हक्क कितपत आहे हेही विचारता येईल. माझा पुराचा शॉटही लोकांनी 'वॉव' म्हणतच पुढं ढकलला होता. पण निदान लॉरेन्सच्या फोटोत घर हरवलेला माणूस स्वतःला शोधू शकत होता.

सरळ खालची नजर कुणाची?

मग मी घेतला तो सरळ खालचा शॉट आला कुठून? त्याला पक्कं रूप दिलं पहिल्या महायुद्धानं.

१९१४मध्ये विमानातले टेहळे शत्रूच्या खंदकांची हातानं चित्रं काढायचे. लवकरच कॅमेरे आले. मार्च १९१५मध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईआधी ब्रिटिशांनी जर्मन खंदकांचे विमानातून फोटो घेऊन त्यावरून नकाशे केले. युद्ध संपेपर्यंत हे एक मोठं खातंच झालं होतं. त्या खात्यात दोन प्रकारचे फोटो लागत. एक उभा, म्हणजे कॅमेरा सरळ खाली. त्यावरून अंतरं मोजता येतात, कारण सगळं एकाच मापात येतं. तोफखान्याला हाच हवा. दुसरा तिरका. तो समोरून चालत जाणाऱ्या शिपायाला हवा, कारण त्यात चढ, झाडी, भिंत ओळखू येते. माझ्या ड्रोनच्या ॲपमध्ये कॅमेरा नव्वद अंशावर ठेवायचा की पंचेचाळीसवर, हे मी अंगठ्यानं ठरवतो. शंभर वर्षांपूर्वी तोच फरक तोफेचा नेम आणि माणसाची वाट यांच्यातला होता.

उभ्या फोटोची एक अडचण सैन्याला लगेच कळली होती. त्यात खोली नाहीशी होते. खड्डा की ढिगारा, काही समजत नाही. म्हणून ते एकाच जागेचे एकमेकांवर चढणारे दोन फोटो घेत आणि दोन भिंगांच्या यंत्रातून एकत्र बघत. तेव्हा कुठं जमीन उठून दिसे. माझ्या शॉटमध्ये हेच हरवलं होतं. पाणी किती लांब पसरलंय ते दिसत होतं. किती चढलंय ते अजिबात नाही. छपराखाली दोन फूट आहे की दहा फूट, वरून सगळं सारखंच तपकिरी.

युद्धात टेहळणीचं काम केलेल्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज माणसानं पुढं हीच विद्या पुरातत्त्वाकडे नेली. १९२०च्या दशकात हवाई दलाचे फोटो चाळताना त्याला गवताळ माळांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध दिसले. जमिनीवर उभं राहून हे बांध कळत नाहीत, इतके ते झिजलेले. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि सगळी आखणी उमटते. १९२८मध्ये त्यानं अलेक्झांडर कीलरबरोबर वेसेक्स प्रांताच्या हवाई फोटोंचं पुस्तक काढलं.

ड्रोनवाले आम्ही सगळेच 'सकाळी किंवा संध्याकाळी शूट करा' असं सांगतो. सोनेरी उजेड सुंदर दिसतो, हे खरंच आहे. पण आडव्या उन्हाचं मोठं काम वेगळं आहे: ते सपाट चित्राला उंची परत देतं. मी पुराचा शॉट भर दुपारी, ढगाळ आभाळात घेतला होता. त्याला सावलीच नव्हती.

कॅमेरा हलला म्हणजे कुणीतरी निघालं

इथवर सगळे फोटो होते. व्हिडिओत आणखी एक गोष्ट येते, हालचाल. विमानातून चित्रीकरण सुरू झालं ते १९०९च्या एप्रिलमध्ये, रोमजवळच्या चेंतोचेले मैदानावर. विल्बर राइट विमान चालवत होता आणि शेजारी एक कॅमेरामन बसला होता. पुढच्या काळात हवाई दृश्यं सिनेमात रुळली. त्यांचा अर्थ काय लागतो हे मला सगळ्यात नीट कळलं ते रॉबर्ट वाइज या दिग्दर्शकाच्या दोन सिनेमांमुळे.

'वेस्ट साइड स्टोरी' हा १९६१चा सिनेमा त्यानं जेरोम रॉबिन्सबरोबर केला. तो सुरू होतो मॅनहॅटनच्या डोक्यावरून, सरळ खाली पाहत. पूल, रस्ते, इमारतींच्या गच्च्या. माणूस दिसत नाही. हे बराच वेळ चालतं आणि मग कॅमेरा एका मैदानात उतरतो, जिथं चुटक्या वाजवणारी पोरं उभी आहेत. १९६५च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'ची सुरुवातही हेलिकॉप्टरमधूनच आहे. बर्फाची शिखरं, दऱ्या, तळं आणि मग हिरव्या उतारावर हात पसरून येणारी जूली अँड्र्यूज. तिनं अनेकदा सांगितलंय की प्रत्येक टेक झाल्यावर हेलिकॉप्टर तिच्यावरून वळायचं आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती गवतात कोसळायची.

दोन्हीकडे वरचा शॉट वर राहत नाही. तो कुणाकडे तरी येतो. उंची हा तिथं प्रवासाचा आरंभ आहे. मी बरोबर उलटं केलं होतं. मी गावापासून वर वर निघून गेलो. कॅमेऱ्याची हालचाल बघणाऱ्याला चालण्यासारखी वाटते: पुढं गेला म्हणजे आपण जवळ चाललो, मागं गेला म्हणजे निरोप घेतोय. मामी शाळेत बसून घराकडे जायची वाट बघत होती आणि माझा शॉट तिला तिच्या घरापासून लांब नेत होता.

आपल्या भाषेत यासाठी दोन छान शब्द आहेत. विहंगावलोकन म्हणजे पक्ष्यासारखं वरून पाहणं. सिंहावलोकन म्हणजे चालता चालता सिंहासारखं मान वळवून मागं पाहणं. मागं सरकणारा शॉट हे सिंहावलोकन आहे. आधी चाललेलं अंतर असेल तरच त्याला अर्थ आहे. लग्नाच्या व्हिडिओत शेवटी मांडव लहान होत जातो ते शोभतं, कारण दिवसभर आपण त्या मांडवात असतो. घिरट्या घालणारा ऑर्बिट म्हणजे घारीची गिरकी. घार आभाळात कितीही फिरली तरी तिचं लक्ष पिलावर असतं, असं आपण म्हणतोच. मधोमध कोण आहे हे ठरलेलं नसेल तर गिरकी नुसती चक्कर आणते. आणि खालून, आडवा, बाजूनं जाणारा शॉट म्हणजे एसटीची खिडकी: जवळची झाडं भरभर मागं पळतात, लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालतो. जागेची खोली कळते ती या फरकातून. शंभर मीटरवरून तीच हालचाल केली तर सगळंच सारख्या वेगानं सरकतं आणि काहीच कळत नाही.

हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याला हा ठहराव देणाऱ्यांत अल्बेर लामोरिसचं नाव मोठं आहे. 'द रेड बलून' हा १९५६चा लहान मुलाचा आणि लाल फुग्याचा सिनेमा त्याचाच. 'रिस्क' या बोर्ड गेमचा मूळ निर्मातासुद्धा तोच. हेलिकॉप्टरची थरथर चित्रात उतरू नये म्हणून त्यानं 'हेलिव्हिजन' नावाची पद्धत विकसित करून घेतली आणि १९६०मध्ये आजोबा आणि नातू फुग्यातून फ्रान्स बघतात असा सिनेमा केला. नंतर इराणवर माहितीपट करायला घेतला. त्याचं निवेदन माणूस करत नाही, वारा करतो. म्हणजे कॅमेरा असा का फिरतो याचं उत्तर लामोरिसनं आधीच ठरवलेलं होतं. जून १९७०मध्ये तेहरानजवळ कराज धरणावर चित्रीकरण करताना हेलिकॉप्टर कोसळलं आणि तो गेला. त्याच्या टिपणांवरून बायकोनं आणि मुलानं सिनेमा पुरा केला.

मी हे वाचलं त्या दिवशी ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावताना जरा विचित्र वाटलं. आज जिंबल नावाचं अंगठ्याएवढं यंत्र तिन्ही अक्षांवर थरथर शोषून घेतं. माझ्या चुकीनं फार तर ड्रोन पडेल.

उंची कधी खरी?

याचा अर्थ उंच शॉट वाईट, असा नाही. राजगडाचं उदाहरण घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. गडावर चालताना एका वेळी एखादीच माची नीट कळते. तिन्ही मिळून गड कसा पसरलाय, हे उंचावरूनच दिसतं. ड्रोन हातोहाती यायच्या आधी उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून आपल्या किल्ल्यांचे फोटो काढले. त्यांचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक अनेकांच्या घरी असेल. त्यांनी वारीचेही हवाई फोटो काढले, 'पहावा विठ्ठल' या पुस्तकासाठी. गडाचा आकार किंवा वारीची लांबी हा प्रश्न असेल तर उंचीला पर्याय नाही. पण त्याच वारीतल्या एका म्हातारीचे भेगाळलेले पाय हा विषय असेल, तर ड्रोन पेटीतच राहू द्यावा.

२०१३मध्ये डीजेआयचा फँटम बाजारात आला आणि ही नजर साध्या माणसाच्या हाती आली. आपल्याकडे २०१४मध्ये नागरी वापरावर बंदी आली, मग २०१८च्या डिसेंबरपासून नियम लागू झाले आणि २०२१मध्ये ते बरेच सुटसुटीत झाले. कुठं उडवायचा, किती उंच न्यायचा, हे सगळं त्यात आहे. कशासाठी उडवायचा, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसरा शॉट

पाणी पूर्ण उतरल्यावर मी पुन्हा गेलो. या वेळी मामीला आधी विचारलं, "तू घरी कुठल्या वाटेनं जाणार?"

तिला प्रश्न चमत्कारिक वाटला. "कुठल्या म्हणजे? शाळेपासनं खाली. पिंपळावरनं, मारुतीच्या देवळावरनं, गिरणीपाशी वळायचं."

सकाळी सात वाजता, आडव्या उन्हात, शाळेच्या फाटकापासून ड्रोन सोडला. दहा-बारा फुटांवर, कॅमेरा जवळजवळ समोर. रस्ता उताराचा आहे. त्याच वाटेनं, चालण्याच्या वेगानं, एकाच दमात खाली नेला. शूट करताना माझं लक्ष तारांवर होतं. जे उमटलं ते घरी मोठ्या स्क्रीनवर कळलं.

पुराच्या पाण्यानं सगळ्या भिंतींवर मातकट रेघ सोडली होती. पहिल्या घरांना ती उंबऱ्याशी होती. पिंपळापाशी खिडकीच्या गजांवर. देवळाच्या ओवरीत खांबाच्या वरच्या टोकाला. रस्ता जसा उतरत होता तशी रेघ घरांवर चढत होती, आणि गिरणीपाशी वळून मामीच्या दारात आलो तेव्हा ती वळचणीला टेकली होती. पाणी किती होतं, हे सांगायला आता एक शब्दही लागत नव्हता. वरच्या चाळीस सेकंदांत हे कुठंच नव्हतं.

वरचा शॉट वाया गेला असंही नाही. मामानं तो नीट जपून ठेवलाय. पाणी कुणाच्या बांधापर्यंत आलं होतं यावर पारावर बोलणं निघालं की तो फोन काढतो आणि बोट ठेवून दाखवतो. नादारला हवा होता तो उपयोग शेवटी मामानं केला.

खालचा शॉट फारसा कुठं फिरला नाही. पण गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरानं तो मागून घेतला. मामीला दाखवला तेव्हा तिनं फोन लांब-जवळ केला नाही. "ही सुमनची पायरी... हा पार... अगं बाई, ओवरी बघ की," असं म्हणत ती त्याच्याबरोबर खाली उतरत गेली. दार आलं, रेघ आली. ती गप्प झाली. मग पदरानं स्क्रीन पुसून तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"गिरणीपाशी जरा हळू वळायचं होतंस," ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. वळणावर माझा अंगठा घाईत होता.